कापसाच्या गाठीतली आग आणि आमचं ट्रेनिंग

फायरमनचा कोर्स कुठं करायचा, खर्च किती येतो, नोकरी लागते का, असे फोन हल्ली मला अमळनेर, चोपडा, शिरपूरकडच्या पोरांचे येतात. बहुतेकांच्या हातात कुठल्या तरी इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक असतं, त्यावर लाल गाडीचा फोटो असतो. फोनवर सगळं सांगून होत नाही. म्हणून मी ज्या वाटेनं गेलो ती इथं लिहितोय.

मी अमळनेर तालुक्यातला. वडील हंगामात जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हमाली करायचे, बाकी वेळ कोरडवाहू शेती. बारावीनंतर खान्देशातल्याच एका खासगी कॉलेजात फायर अँड सेफ्टीचा वर्षाचा डिप्लोमा केला. त्यातच इमर्जन्सी मेडिकलचा भाग होता आणि सिव्हिलच्या अपघात विभागात ड्युट्या असायच्या. नंतर राज्याचा सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स केला. आता एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रावर कंत्राटी फायरमन आहे.

आधी कागदाचं सांगतो, कारण पोरं तिथंच फसतात. नगरपालिका-महापालिकेच्या भरतीच्या जाहिरातीत फायरमनसाठी दहावी पास आणि ‘राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिन्यांचा अग्निशमन प्रशिक्षण पाठ्यक्रम’ असं लिहिलेलं असतं, जोडीला एमएस-सीआयटी. हे केंद्र म्हणजे आजची महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी, सांताक्रूझला कालिन्याच्या विद्यानगरीत. उंची १६५ सेंमी, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ५ सेंमी जास्त, अशी मुलांसाठीची माप साधारण सगळीकडे दिसते. वयाची अट कडक असते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याचं वय निघून जातं. ज्याला अधिकारी व्हायचंय त्यानं नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची माहिती काढावी. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेली ती संस्था वर्षभरात नागपूरला आली आणि तिथं फायर इंजिनिअरिंगची पदवीही मिळते.

आम्ही प्रवेश घेतला तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. उलट ‘आपला डिप्लोमा पालिका, विमानतळ, रिफायनरी, सगळीकडे चालतो’ असं ऑफिसात सांगितलं गेलं. बॅचमधल्या एकाच्या आईनं पोत मोडून फी भरली होती. वर्ष संपत आल्यावर भरतीची जाहिरात वाचताना पोरांना खरं काय ते कळलं. त्याचा राग मला आजही येतो. खासगी कंपन्यांत, एमआयडीसीत, मोठ्या दवाखान्यांत तो डिप्लोमा चालतो आणि आमच्यातले काही जण तिथं नीट कामाला लागलेही, पण मग तसंच सांगायला हवं होतं. फी भरण्याआधी कोणत्याही पालिकेची जुनी जाहिरात मिळवा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्द न् शब्द वाचा.

असं असूनही ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही. कारण आम्हाला शिकवायला एक निवृत्त लीडिंग फायरमन होते. आयुष्यभर खान्देशातल्याच आगी विझवलेला माणूस. वर्गात प्रमाण मराठी बोलायचे आणि मैदानावर उतरले की सरळ अहिराणी.

सकाळी सहाला परेड, त्यानंतर होज ड्रिल. पंधरा मीटर लांबीचा, ६३ मिलिमीटर व्यासाचा कॅनव्हासचा पाइप, एका टोकाला मेल कपलिंग, म्हणजे आत शिरणारा जोड, दुसऱ्याला फिमेल, तो धरणारा. गुंडाळी बगलेत धरून एका झटक्यात सरळ फेकायची, पीळ पडता कामा नये. कपलिंग बसलं की ‘खट्’ असा आवाज येतो. तो आवाज कानांनी ऐकल्याशिवाय सर ‘वॉटर ऑन’ म्हणू द्यायचे नाहीत. ते फिमेल कपलिंगच्या आत बोट फिरवून रबरी वॉशर जागेवर आहे का बघायला लावायचे. वॉशर नसला तर जोडातून पाण्याचं कारंजं उडतं आणि पुढं ब्रांच, म्हणजे पाण्याचा फवारा सोडणारी टोकाची नळी, धरलेल्याच्या हातात निम्मा दाब पोचतो. रिकामा पाइप हलका असतो, पण पाणी भरलं की त्या एका लांबीत पंचेचाळीस लिटरच्या वर पाणी येतं. पंपवाल्यानं दाब वाढवला की ब्रांच मागं रेटते. सर ओरडायचे, ‘पाइपले हात नको लावू, मिठी मार!’ ब्रांच बगलेत दाबून, एक पाय पुढं, अंग पुढं झुकवून उभं राहायचं, मागच्यानं पाठीला खांदा द्यायचा. एकट्यानं धरायची नाही, हा नियम त्यांनी कधी मोडू दिला नाही.

दोऱ्या, गाठी, शिडी, माणसाला खांद्यावर टाकून नेणं हे सगळं झालं, ते सगळीकडे होतं. आमच्या सरांचं वेगळेपण कापसात होतं.

खान्देशात दसरा-दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू होते. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, आत रोलरवर सरकी वेगळी होते, पुढं प्रेसमध्ये रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की मशीनमध्ये ठिणगी पडते. बेअरिंग तापतं, वायरिंग उघडं असतं, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी उडते. हवेत तरंगणारी रुईची फूस, म्हणजे बारीक तंतू, भिंतीवर, पट्ट्यांवर साचलेली फूस क्षणात पेटते आणि ज्योत ढिगावरून धावत जाते. हे बाहेरून दिसणारं झालं. खरी आग गाठीच्या आत असते.

सरांनी एकदा जिनिंगवाल्याकडून जळालेली, विमा-पंचनामा होऊन पडलेली एक गाठ मिळवली आणि आमच्यासमोर तिच्या पट्ट्या कापल्या. वरून काळी, ओलीचिंब. चार बोटं आत हात घातला तर कापूस कोरडा, पांढराशुभ्र, आणि मध्येच बोटभर रुंदीचा एक जळका बोगदा आडवातिडवा गेलेला. दाबून बांधलेल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर आग धुमसत पुढं सरकते. ज्योत नसते, कधी कधी धूरही दिसत नाही. वरून कितीही पाणी मारा, ते ओघळून जातं. दोन-तीन दिवसांनी तीच गाठ गोदामात दुसऱ्यांदा पेटते. म्हणून पाण्यात साबणासारखं द्रावण मिसळायचं, त्यानं पाणी तंतूंत शिरतं, आणि गाठ बाहेर ओढून, मोकळ्या जागेत नेऊन, पट्टी कापून उकलायची. पट्टी कापताना समोर उभं राहायचं नाही, ताणलेली पट्टी उसळून तोंडावर येते. ‘आग विझली’ असं गाठ उकलल्याशिवाय म्हणायचं नाही.

१४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, त्याची कथाही सरांनी त्याच गाठीशेजारी उभं राहून सांगितली. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोटकं होती आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. आग लागली ती कापसाला. ती विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा स्फोटात जीव गेला. दरवर्षी परेडला उभं राहणाऱ्या आम्हा खान्देशी पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्या गोष्टीच्या मुळाशी आपल्या शेतात पिकतो तोच माल होता. माझे वडील ज्या गोदामात पाठीवर बोजे वाहायचे तिथं वाळूची बादलीसुद्धा नव्हती, हेही मला तेव्हाच आठवलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुस्तकात लिहिलेलं असतं, जवळच्या विहिरीत सक्शन, म्हणजे पाणी घ्यायचा पाइप, टाका आणि पंपानं पाणी घ्या. पंप पाणी ओढत नाही. सक्शनमधली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेचा दाब हिशेबानं १०.३ मीटरपर्यंत पाणी चढवू शकतो, पण प्रत्यक्षात ७ मीटरच्या पुढं भरवसा नाही. म्हणजे २२-२५ फूट. आता उन्हाळ्यात अमळनेर-पारोळ्याकडच्या विहिरीत पाणी कुठं असतं ते आपल्याला माहीत आहे. पन्नास-साठ फूट खोल पाणी दिसत असतं आणि लाखो रुपयांचा बंब काठावर उभा राहून त्यातला थेंबही घेऊ शकत नाही. गावकऱ्यांना वाटतं पंप खराब आहे, गाडीवाले कामचुकार आहेत. बंबाच्या टाकीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं आणि दोन लाइनी चालवल्या तर ते पाच-सात मिनिटांत संपतं. पुढं काय, याचं उत्तर शेतातल्या पाणबुडी मोटरीत, शेततळ्यात आणि पाण्याच्या टँकरमध्ये असतं. मोटरीला त्या वेळी लाइट असेल तर. सर आम्हाला खेड्यांत नेऊन दोरीला दगड बांधून विहिरी मोजायला लावायचे, बैलगाडीच्या रस्त्यानं बंब शेततळ्यापर्यंत पोचतो का ते चालत बघायला लावायचे. माझ्या मते अख्ख्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण ते होतं.

त्याच फेऱ्यांत धाब्याची घरं पाहिली. जुन्या गावठाणात अजून पुष्कळ आहेत. सागाचे सर म्हणजे जाड तुळया, त्यावर कड्या म्हणजे आडवी लाकडं, वर काड्यांचा थर आणि त्यावर फूटभर माती. आत राहायला गार, पण कडीला आग लागली की वरचा सगळा भार एकदम खाली येतो. सिमेंटच्या स्लॅबखाली जितका वेळ मिळतो तितका इथं मिळत नाही. मातीची भुकटी गळायला लागली की बाहेर पळायचं, आत माणूस असेल तर भिंतीला चिकटून जायचं, खोलीच्या मधून नाही.

मेडिकलच्या भागाला बॅचमधली पोरं सुरुवातीला कंटाळायची. ‘आपल्याला आग विझवायचीय, इंजेक्शनं कशाला?’ पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून माणूस बदलायचा. हे पाठ झालं, पण डोळे उघडले ते सिव्हिलच्या रात्रपाळीत.

एका घरातल्या आगीतून वाचलेल्या आजोबांना आणलं होतं. अंगावर भाजल्याची खूण जवळजवळ नाही, चालत आले, ‘माले काही व्हयेल नही’ म्हणत होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८. आमच्यातल्या कुणालाही त्यांची काळजी वाटली नाही. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी टॉर्च मारून नाकपुड्या दाखवल्या, आत काजळी, केस जळून आखडलेले. आवाज घोगरा. त्यांनी लगेच मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सुरू केला आणि भूलतज्ज्ञाला बोलावलं. मग आम्हाला समजावून सांगितलं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, आणि साधं ऑक्सिमीटर त्या दोहोंत फरक करू शकत नाही. आकडा छान दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. घसा गरम धुरानं भाजला असेल तर काही तासांत सुजून श्वासाची वाट बंद होते. अंगावर जखम नसलेला, बोलणारा, चालणारा माणूस त्या रात्री सगळ्यात गंभीर होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की आग आणि प्रथमोपचार हे दोन विषय वेगवेगळ्या कोर्सात शिकवणं चूक आहे. त्या आजोबांना घरातून बाहेर काढणारा फायरमन असतो. ‘हा आधी’ हे त्यानंच ओळखायचं असतं. डॉक्टरपर्यंत पोचायला आपल्याकडे तास जातो, धडगाव-अक्कलकुव्याकडे तर माणूस आधी बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत येतो.

फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या शेतातून विषबाधेचे लोक यायचे. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर. नातेवाईक बिचारे त्याला उलटी करवत, तूप पाजत आणलेले असतात. औषध अंगावरच्या ओल्या शर्टातून कातडीत शिरत असतं आणि शर्ट कुणी काढलेला नसतो. आधी कपडे काढा, साबण-पाण्यानं धुवा, धुणाऱ्यानं हातात मोजे घाला, औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. एवढं गावात झालं तरी अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, देणाऱ्या डॉक्टरच्या हातात जिवंत माणूस येतो. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, शाई लावून आणलेले तर रोजचेच. वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, दुसरं काही नाही. सापाचं पोरांना माहीत होतं, पण आवळून बांधायचं नाही आणि चीर द्यायची नाही, हे गावात पटवताना आजही भांडावं लागतं.

ज्यांना फक्त अॅम्ब्युलन्सवर काम करायचंय त्यांनी एक लक्षात घ्या. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली आणि त्या गाडीत चालक, म्हणजे पायलट, आणि डॉक्टर अशी रचना ठेवली गेली. टीव्हीवर परदेशातला पॅरामेडिक बघून डिप्लोमा केलेल्या पोराला ती जागा मिळेल असं धरून चालू नका. दवाखान्यांच्या गाड्या, कारखान्यातलं प्रथमोपचार केंद्र, अपघात विभाग इथं काम मिळतं.

राज्याच्या कोर्सबद्दल थोडक्यात. शिस्त कडक, जेवण ठीक, अंग मोडून निघतं. घरी आईचा विरोध होता. निघताना तिनं एवढंच सांगितलं, ‘जा बेटा, पन जपीसन ऱ्हाय.’ तिथला श्वसनयंत्राचा सराव मात्र कुणी विसरत नाही. पाठीवर ३०० बारपर्यंत भरलेला हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि धुरानं भरलेली अंधारी खोली. हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूनं भिंत चाचपत जायचं, म्हणजे उघडी वायर लागली तर स्नायू आखडून हात तिला चिकटत नाही. आत जाताना दाराशी नावाची पट्टी आणि सिलिंडरचा दाब लिहून द्यायचा. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजायला लागते आणि ती वाजली की शोध कितीही बाकी असो, जोडीदारासकट बाहेर यायचं. घाबरलेला माणूस अर्धा तास पुरणारी हवा पंधरा-वीस मिनिटांत संपवतो. माझ्या जोडीदारानं तिथं मला श्वास मोजत चालायला शिकवलं, चार पावलं आत, चार पावलं बाहेर. अजून तसंच करतो.

आता केंद्रावर. पगार कमी आहे आणि कधी कधी उशिरा होतो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर असताना जाड कोट घालून कडब्याच्या गंजीपुढं उभं राहणं म्हणजे स्वतःलाच उष्माघाताच्या दारात नेणं, म्हणून पाळीपाळीनं मागं येऊन सावलीत बसणं आम्ही सक्तीचं केलंय. गावात पोचलो की पहिल्यांदा शिव्या मिळतात. ‘बंब येस तवपर्यंत बठ्ठं (सगळं) खाक व्हई जास!’ ज्याचा वर्षाचा चारा जळतोय त्याचं ते बोलणं मी मनाला लावून घेत नाही. तीस किलोमीटरचा रस्ता, फाटक, आणि मग गावात पाणी कुठं आहे हे शोधण्यात जाणारा वेळ. यातला शेवटचा वेळ आपण वाचवू शकतो.

त्यासाठी केंद्रावर आम्ही एक वही केलीय. कोणत्या गावात शेततळं आहे, तिथवर बंब जातो का, कुणाच्या विहिरीवरची मोटर जास्त पाणी फेकते, मोटरीच्या पाइपाला आमचं कपलिंग बसवायला काय लागेल, रात्रीचा लाइट कोणत्या आठवड्यात असतो, टँकर कुणाकडे आहे. जिनिंगवाल्यांकडून आवारातल्या टाकीची मापं आणि मेन स्विचची जागा लिहून घेतोय. आवक सुरू व्हायच्या आत ती पुरी करायचीय. तुमचं गाव अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, शिरपूर किंवा शिंदखेडा भागात असेल तर ही माहिती आपल्या जवळच्या अग्निशमन केंद्रावर जाऊन द्या, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सोबत न्या, आणि आग लागली तर १०१ वर, तो लागला नाही तर ११२ वर फोन करताना गावाच्या नावासोबत जवळचं पाणी कुठं आहे तेही सांगा.